बर्डीवरून आणलेली दोन टीथर, त्यातलं एकच कामाचं

लेक साडेचार महिन्यांची. दिवसाला चार-चार लाळेरी भिजायची, मूठ सारखी तोंडात, मधूनच उजवा कान ओढायची. सासूबाई म्हणाल्या, "दात येऊन राहिले बाप्पा तिला!" बोट धुऊन खालच्या हिरडीवरून फिरवलं, तर समोरच दोन टणक उंचवटे लागले.

नागपूरच्या बर्डीवरच्या (सीताबर्डी) एका दुकानातून दोन टीथर, म्हणजे दात येताना चावायची खेळणी, आणली. पाणी भरलेलं १२० रुपयांचं आठवड्यातच शिवणीतून पाझरलं. दुकानदार म्हणे, बदलून मिळत नाही. फेकलं. २४० रुपयांचं सिलिकॉनचं सलग कडं मात्र झकास. कडेला बारीक दाणे, तिच्या मुठीत नीट बसतं, उकळलं तरी जसंच्या तसं. मी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते. फ्रीझरमध्ये नाही, गोठून दगड झालेलं हिरडीला बोचतं. खोट एकच: सतरंजीचे तंतू चटकन चिकटतात, सारखं धुवावं लागतं.

हिरडी बधिर करणारी जेलही तो दुकानदार गळ्यात मारत होता. त्यातल्या बधिर करणाऱ्या औषधाला, बेन्झोकेनला, आमच्या डॉक्टरांनी आधीच नाही म्हटलेलं. पुढे ताप १०२ झाला, तेव्हा 'दातांचाच असेल' म्हणत घरी बसलो नाही. दाखवलं, तर कानात संसर्ग निघाला.