मुंबईच्या हॉलसाठी सबवूफर : दहा इंची सीलबंद की बारा इंची पोर्टेड?

घरासाठी पॉवर्ड सबवूफर, म्हणजे स्वतःचा ॲम्प्लिफायर पोटात घेऊन येणारा, खर्ज वाजवणारा स्पीकर, घ्यायचा ठरला की लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात निवड बहुधा दोन पेट्यांपाशी येऊन थांबते. एक असते दहा इंची ड्रायव्हरची, म्हणजे आवाज काढणाऱ्या गोल पडद्याची, सर्व बाजूंनी बंद म्हणजेच सीलबंद, लांबी-रुंदी-उंचीला फूटभराहून थोडी जास्त. दुसरी असते बारा इंची, पुढे किंवा मागे हवेसाठी पोर्टचे गोल तोंड असलेली, म्हणजेच पोर्टेड, पहिलीहून बरीच मोठी आणि जड. दुकानात दुसरीच जास्त दणकट वाटते आणि दुकानापुरते ते खरेही असते. येथे मात्र तुलना करायची आहे ती दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या मधल्या मजल्यावर, या पेट्या कशा वागतील आणि त्या जुळवून घ्यायला किती खटपट पडेल, याची. अशा बहुतेक घरांसाठी माझा कौल सीलबंद पेटीला आहे. तो कुठे लागू पडत नाही, हेही पुढे सांगितले आहे.

खोलीचे गणित

खर्जाच्या बाबतीत पेटीपेक्षा खोली जास्त बोलते. मुंबईच्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर धरावा आणि त्याला समोरासमोरच्या भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे, म्हणजे त्या दिशेची पहिली अनुनादी वारंवारता, जिथे खोली स्वतःच घुमू लागते ती, मिळते. चौदा फुटांच्या लांबीसाठी ती सुमारे ४१ हर्ट्झ, दहा फुटांच्या रुंदीसाठी ५७ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीसाठी ६० हर्ट्झ येते. यांपैकी शेवटच्या दोन जवळजवळ एकमेकींवर बसतात, त्यामुळे अशा हॉलमध्ये ५५ ते ६० हर्ट्झच्या आसपासचा प्रत्येक स्वर गरजेपेक्षा जास्त घुमतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवला असेल, आणि मुंबईत तो बहुधा टेकवलेलाच असतो, तर लांबीच्या दिशेचा घुमारा तिथे सर्वांत जास्त ऐकू येतो. उलट खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसल्यास ४१ हर्ट्झचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. कोणत्याही किमतीचा सबवूफर आणला तरी यातून सुटका नाही.

दोन पेट्यांतला खरा फरक

सीलबंद पेटीचा आवाज तिच्या मर्यादेखाली प्रत्येक सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो. पोर्टेड पेटी ज्या वारंवारतेला ट्यून केलेली असते, तिच्या आसपास ती कमी वॅटमध्ये जास्त आवाज देते, पण त्याखाली तिचा आवाज २४ डेसिबलने कोसळतो आणि ड्रायव्हरच्या पडद्याला मागून हवेचा आधार उरत नाही. लहान बंद खोलीत सर्वांत खालच्या अनुनादाच्या खाली खोली स्वतःच आवाजाला थोडा उठाव देते आणि सीलबंद पेटीची हळूहळू होणारी उतरण त्यामुळे काही अंशी भरून निघते. काही अंशी असे म्हणण्याचे कारण असे की सरकत्या खिडक्या आणि स्वयंपाकघराकडे उघडणारा पॅसेज यांतून हा दाब निसटत असतो. पोर्टेड पेटी त्याच खोलीत ठेवली, तर तिचा आधीचाच फुगीर भाग आणि खोलीचा उठाव एकत्र येऊन आवाज जडावतो.

म्हणून पोर्टेड पेटी पाहताना विक्रेत्याला वॅटपेक्षा आधी ट्यूनिंगचा आकडा विचारावा. तो ३५ ते ४० हर्ट्झच्या घरात असेल, तर ती बारा इंची पेटी चांगल्या दहा इंची सीलबंद पेटीहून फारशी खोल जाणार नाही. ती तेवढ्याच भागात जास्त जोरात वाजेल, इतकेच. वीसच्या आसपास ट्यून केलेली पेटी खरोखर खोल जाते, परंतु तिचा आकार पाहून घरातील मंडळींचे मत आधी घेतलेले बरे.

आपण काय ऐकतो, हेही पाहावे. काळी एक मध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची असते. गायन, नाट्यसंगीत, तबला आणि जुनी चित्रपटगीते ऐकणाऱ्याचे ४० हर्ट्झच्या खाली फारसे काही अडत नाही. स्फोट, भूकंप आणि अवकाशयाने यांचा कारभार मात्र २० ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, आणि तिथे मोठी पोर्टेड पेटी निर्विवादपणे पुढे असते.

एक घरगुती मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही. पोर्टचे तोंड मागे असेल तर भिंतीपासून निदान वीतभर अंतर सोडावे लागते, आणि ते उघडे तोंड झुरळांना आणि पालींना फार आवडते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला मात्र दोन्हींपैकी कोणतीही पेटी चिकटवू नये, कारण पेटीचे एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंचे बोर्ड, फुगते.

जागा आणि जोडणी

कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर खोलीचे सगळे अनुनाद जागे करतो, त्यामुळे आवाज सर्वाधिक मिळतो आणि घुमाराही सर्वाधिक मिळतो. समोरच्या भिंतीच्या मध्याजवळ, टीव्हीच्या युनिटशेजारी तो ठेवला तर आवाज थोडा कमी होतो, पण रुंदीच्या दिशेचा ५७ हर्ट्झचा घुमारा बराच शमतो. योग्य जागा शोधण्याची जुनी युक्ती अशी की सबवूफर सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्ज असलेली एखादी ओळ पुन्हा पुन्हा वाजवावी आणि स्वतः गुडघ्यांवर भिंतीकडेने फिरत प्रत्येक शक्य जागी कान लावावा. जिथे सर्व स्वर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवावा. दहा इंची पेटी सोफ्यावर एकट्याने चढवता येते, बारा इंचीसाठी दुसरा माणूस लागतो, आणि त्यामुळेच मोठ्या पेटीचे मालक हा प्रयोग बहुधा टाळतात. ऐकण्यासाठी डग्ग्यावरचा घिस्सा उत्तम, कारण तो सलग वरखाली सरकतो आणि एखाद्या ठिकाणी आवाज एकदम उसळला किंवा बुडाला तर लगेच कळते.

रिसीव्हर, म्हणजे होम थिएटरचा मुख्य ॲम्प्लिफायर, असेल तर त्याच्या सबवूफर आउटपासून एकच आरसीए केबल सबवूफरच्या एलएफई या, खर्जासाठीच्या, इनपुटला जोडावी. दोन चॅनेलचा साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल, तर स्पीकरच्या टर्मिनलवरून हाय-लेव्हल इनपुटला वायर जोडणे सोयीचे ठरते. मात्र काही क्लास-डी ॲम्प्लिफायरमध्ये ऋण टर्मिनल ग्राउंडला जोडलेले चालत नाही, म्हणून आधी दोन्ही उपकरणांची पुस्तिका वाचावी आणि वीज बंद करूनच वायर लावावी. जोडणीनंतर सतत घूं असा आवाज येत असेल, तर पेटीला दोष देण्याआधी सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याकडून आलेली कोॲक्सियल वायर काढून पाहावी. ती काढताच घूं थांबली, तर दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाचा, असतो आणि त्या वायरवर आयसोलेटर बसवून तो दूर होतो. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय धोकादायक आहे. तो कधीही करू नये.

नॉब फिरवताना

रिसीव्हर असताना पेटीवरचा क्रॉसओव्हरचा, म्हणजे सबवूफरने कुठल्या स्वरापर्यंत वाजायचे ते ठरवणारा, नॉब पूर्ण वर किंवा एलएफई या खुणेवर ठेवावा, कारण अन्यथा एकाच आवाजाला दोनदा गाळणी लागते. रिसीव्हरमध्ये स्पीकर स्मॉल या पर्यायावर ठेवून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करावा. छोट्या बुकशेल्फ स्पीकरसाठी तो १०० पर्यंत नेता येतो, पण त्याच्या वर गेल्यास निवेदकाचा आवाज सबवूफरच्या दिशेने येऊ लागतो. स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या बाबतीत स्पीकर पूर्ण आवाज वाजवतच राहतात, म्हणून नॉब ५० ते ६० हर्ट्झपासून सुरू करून हळूहळू वर न्यावा.

फेज, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्या लहरींचा मेळ, ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. ८० हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी सुमारे २.२ मीटर, म्हणजे सात फुटांच्या आसपास असते. श्रोत्यापासून स्पीकरचे आणि सबवूफरचे अंतर यांत एवढा फरक पडला, तर दोघे त्या स्वरावर एकमेकांना खोडून काढतात. एकाने सोफ्यावर बसावे, दुसऱ्याने ८० हर्ट्झचा टोन चालू ठेवून फेजचे बटण ० आणि १८० यांच्यामध्ये बदलावे आणि बसलेल्याला जी स्थिती जास्त भरीव वाटेल ती ठेवावी. रिसीव्हरच्या स्वयंचलित कॅलिब्रेशनने सबवूफरचे अंतर टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा जास्त दाखवले, तर ते सुधारण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारा विलंबही धरलेला असतो.

पातळी लावताना टेस्ट टोनवर ध्वनिमापक मीटर सी-वेटिंग (खर्जही धरणारी मोजणी) आणि स्लो या स्थितीत ठेवून, बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर, स्पीकर आणि सबवूफर दोन्ही ७५ डेसिबलला आणावेत. फोनवरच्या ॲपवर भिस्त ठेवू नये, कारण फोनचा माइक खर्ज नीट पकडत नाही. कॅलिब्रेशननंतर रिसीव्हरमधील सबवूफरचा ट्रिम, म्हणजे पातळीचा आकडा, उणे बाराच्या टोकाला पोहोचला असेल, तर पेटीवरचा गेन, म्हणजे आवाजाचा नॉब, कमी करून मोजणी पुन्हा करावी. मोठ्या पोर्टेड पेटीच्या बाबतीत लहान हॉलमध्ये हे हमखास घडते. ज्याला आणखी खोलात जायचे आहे, त्याने यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरून आलेख काढावा. आलेखातील उंचवटे ईक्यूने, म्हणजे ठरावीक स्वरांचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सोयीने, कापता येतात. खड्डे मात्र भरता येत नाहीत, कारण तिथे वाढवलेली शक्तीही तशीच खोडली जाते आणि ॲम्प्लिफायर फुकट राबतो. खड्ड्यावर उपाय एकच, पेटी किंवा सोफा हलवणे.

खालचा मजला

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे दहा ते सहा, ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती ए-वेटिंगने मोजली जाते. ए-वेटिंग ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरते. त्यामुळे मीटर समाधानी आणि खालच्या मजल्यावरचे काका रागावलेले, असे सहज घडू शकते. पेटीखाली फोम किंवा रबराचे पॅड ठेवल्याने लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीत बराच फरक पडतो, काँक्रीटच्या स्लॅबवर त्या मानाने कमी, आणि हवेतून भिंतीपलीकडे जाणाऱ्या खर्जावर तर काहीच नाही. तीस हर्ट्झच्या खालचा आवाज जितका कमी, तितका शेजाऱ्यांना त्रास कमी. या हिशेबात लहान सीलबंद पेटी आपसूक पुढे येते. रात्री आवाज कमी ठेवून ऐकणाऱ्याला खर्ज गेल्यासारखा वाटतो, कारण कान हळू आवाजात खालच्या स्वरांना मुळातच कमी दाद देतो. त्यासाठी गेन वाढवून ठेवण्याऐवजी रिसीव्हरमधील लाउडनेस किंवा डायनॅमिक ईक्यू वापरावा, म्हणजे दिवसाची जुळणी बिघडत नाही.

तळमजल्यावर घर असेल, हॉल आणि डायनिंग एकत्र होऊन तीनशे चौरस फुटांच्या पुढे जात असेल आणि घरात मुख्यतः ॲक्शनपट पाहिले जात असतील, तर खोल ट्यून केलेली बारा इंची पोर्टेड पेटीच घ्यावी. दहा इंची सीलबंद पेटी तिथे दमते. या दोहोंमध्ये अडकलेल्याने तेवढ्याच पैशांत दोन लहान सीलबंद पेट्या येतात का, हे पाहावे. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांच्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर ही व्यवस्था चांगली ठरली होती, कारण त्या दिशेचा पहिला अनुनाद दोघे मिळून दाबतात आणि सोफ्यावरच्या सर्व जागांवर आवाज अधिक सारखा पोहोचतो. दुसरा सबवूफर नंतर आणला, तर पहिल्याची जुनी पातळी तशीच ठेवून चालत नाही. दोन्हींचे गेन आधी एकमेकांशी जुळवून, मग थोडे उतरवून, फेजपासून सगळी मोजणी नव्याने करावी लागते.