मिलिंगच्या सेटिंगला लिव्हर डायल घ्यावा की प्लंजर?

नाशिकच्या सातपूर-अंबडला मिलिंगवर (फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या मशीनवर) नव्याने उभं राहिलेलं पोरगं पहिल्या पगारातून स्वतःचा डायल, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र, घ्यायला निघतं, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. लिव्हरचं बारीक टोक बाजूला झुलतं, प्लंजरची दांडी सरळ आत-बाहेर होते. पैसे एकाचेच असतील, तर माझं उत्तर लिव्हर.

आकडे बघितले तर प्लंजरच भारी वाटतो. त्याचा प्रवास बहुधा 10 मिमी, लिव्हरचा जेमतेम 0.8 मिमी, तबकडीवरचं एक घर दोन्हीवर 0.01 मिमीचं. पण सेटिंग करताना लांब प्रवासाचं काम फारसं पडतच नाही. काटा जागेवर थांबतोय का, एवढंच बघायचं असतं, आणि तेही अडचणीच्या जागी.

व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) टेबलाला सरळ लावायचंच घ्या. डायल स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या दांड्याला) धरायचा, टोक व्हाइसच्या फिक्स जॉला, म्हणजे न हलणाऱ्या जबड्याला, लावायचं (हलत्या जॉला कधीच नाही) आणि टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. लिव्हरचं बारीक टोक जॉच्या फटीत सहज उतरतं. प्लंजर जॉला काटकोनात आडवा धरावा लागतो, तो बसवतानाच दमछाक होते. 25 मिमीच्या बोरचं (भोकाचं) सेंटर काढायचं असेल तर प्लंजर आत जातच नाही, विषय संपला.

हेड ट्रॅम करायला (स्पिंडल टेबलाला काटकोनात आणायला) मात्र दोन्ही चालतात. टेबलावरच्या खाचांमध्ये (टी-स्लॉटमध्ये) टोक अडकू नये म्हणून मी मोठ्या बेअरिंगची ग्राइंड केलेली रिंग टेबलावर ठेवून तिच्यावरून डायल फिरवतो. अंबडच्या एका जॉबशॉपमध्ये असताना मी काटा शून्यावर आणला, हेडचे बोल्ट कचकचून आवळले आणि पुन्हा न बघता प्लेट फेस करायला (वरून सपाट करायला) घेतली. कटरच्या दोन पासच्या (फेऱ्यांच्या) मधल्या रेषेवर नख फिरवलं, तर नख अडकलं. पुन्हा डायल लावला: 200 मिमीत सहा घरं फरक. बोल्ट आवळताना हेड सरकलं होतं. तेव्हापासून शेवटचा बोल्ट आवळल्यावर डायल पुन्हा फिरवल्याशिवाय मी कटर लावत नाही.

लिव्हरची एक खोड ओळखून ठेवा. टोक पृष्ठभागाला जवळजवळ समांतर हवं. ते 30 अंशांवर उभं राहिलं तर काट्यावरचे 0.10 प्रत्यक्षात 0.087 असतात, 60 अंशांवर निम्मेच. शून्य जुळवताना याने बिघडत नाही, पण आकडा वाचून तेवढं सरकवायला गेलात तर फसाल. टोक तुटलं तर त्याच लांबीचं बसवा. लांबी बदलली की रीडिंग बदलतं.

प्लंजरची खरी गरज डीआरओ (टेबल किती सरकलं ते आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) नसलेल्या जुन्या मशीनवर कळते. हँडलवरची आकड्यांची कॉलर 5 मिमी फिरवली, टेबल खरंच 5 मिमी सरकलं का? हँडल उलटं फिरवताना बॅकलॅश (स्क्रूतला ढिलेपणा) किती? 5 मिमीचा प्रवास तर लिव्हरच्या आवाक्याबाहेरचाच. सिन्नरकडे अशाच मशीनवर रोजचं काम असेल, तर प्लंजर आधी घ्या, माझी हरकत नाही.

डायल कोणताही घ्या, मॅग्नेटिक स्टँडमध्ये काटकसर करू नका. दुकानातच डायल लावून बघा, स्टँडच्या दांड्याला बोटाने हलकं दाबा आणि सोडा. काटा पुन्हा त्याच घरावर आला नाही, तर तो स्टँड तिथेच ठेवा.