४४९ रुपयांचा ओबीडी डोंगल: आठ महिन्यांनंतर (जुनी गाडी, बडोदा)

सगळ्यात आधी गुडघ्याचं. ओबीडी म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले खराबीचे कोड वाचायची सोय, आणि डोंगल ते कोड फोनवर दाखवतो. माझ्या गाडीत त्याचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याच्या बरोबर समोर आहे. हा डोंगल त्यात लावला की तीन-चार बोटं बाहेर येतो. चढता-उतरता गुडघ्याला लागतो, ओढणी अडकते. एकदा ब्रेकवरून पाय उचलताना असा दणका बसला की डोंगल तिरका झाला आणि फोनवरचे आकडे जागच्या जागी थिजले. विकणाऱ्याने फोटोखाली ‘काडेपेटीएवढा’ लिहिलंय. आहेही तेवढाच, पण काडेपेटी कोणी गुडघ्यासमोर चिकटवून गाडी चालवत नाही. शेवटी २२० रुपयांची एक्स्टेंशन केबल घेतली. म्हणजे ४४९ ची वस्तू ६६९ ला पडली, हे मी अजून विसरलेले नाही.

फोनला कसा जोडायचा, पिन १२३४, वगैरे सगळ्यांना माहीत असेल. आयफोनवाल्यांनी हा स्वस्तातला ब्लूटूथवाला घेऊ नये, जोडलाच जात नाही.

आता गाडी. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, जीजे-०६, म्हणजे बडोद्याचं पासिंग. फेब्रुवारीत एका डीलरकडून ३ लाख ४० हजारांना घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, हे पुढे कळेलच. “लेडीज चलावती हती,” असं डीलरने सांगितलं होतं. मीही लेडीजच, मला हे सांगून काय उपयोग, पण तेव्हा ऐकायला बरं वाटलं.

तीन आठवड्यांत दुखणं सुरू झालं. दांडिया बाजारातून मकरपुऱ्याला ऑफिसला जाताना स्पीडचा काटा ५० वरून धाडकन शून्यावर. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, स्टिअरिंगचा दिवा, इंजिनचा दिवा, सगळे एकदम, आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली की सगळं जिथल्या तिथे. कधी आठवड्यात दोनदा, कधी पंधरा दिवस काहीच नाही.

अधूनमधून येणारं दुखणं डॉक्टरसमोर येत नाही. सर्व्हिस सेंटरला गाडी नेली की ती शहाण्या पोरीसारखी वागायची. ते स्कॅन मारायचे, जॉब कार्डवर काहीतरी खरडायचे आणि म्हणायचे, “मॅडम, कोड उडवलाय, आता नाही येणार.” ५९० रुपये. दुसऱ्या वेळी तेच, ५९०. तिसऱ्यांदा मी काउंटरवर भांडले. कोड उडवला म्हणजे पुरावाच पुसला ना? कोडबरोबर इंजिनचे फेरे, वेग, पाण्याचं तापमान अशी त्या क्षणाची नोंद कॉम्प्युटर ठेवतो, ती फ्रीझ फ्रेमसुद्धा जाते. चोरी झाल्यावर पोलिसांनी आधी घर झाडून-पुसून द्यावं, तसं हे. त्या भांडणानंतर त्यांनी एबीएसचं युनिट बदला म्हणून ३८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. त्याच रात्री मी डोंगल मागवला. मार्च महिना.

पहिले दोन महिने मी त्याच्या प्रेमात होते. कोड लगेच मिळाला: यू ०१२१. अर्थ असा की इंजिनच्या कॉम्प्युटरला एबीएसच्या कॉम्प्युटरचा आवाज येईनासा झाला होता. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, मला ती फार उशिरा कळली. हा कोड एबीएसचा नाही, इंजिनने एबीएसविरुद्ध केलेली तक्रार आहे. स्वस्त डोंगल आणि फुकटचं ॲप फक्त इंजिनचं ऐकतं, एबीएसची बाजू त्यातून दिसतच नाही. दोन जावांच्या भांडणात एकीचंच ऐकून निकाल द्यायचा, तसा प्रकार. सर्व्हिस सेंटरने ३८ हजारांचा निकाल तसाच दिला होता.

डोंगलवर १.५ असं छापलंय, त्याचंही सांगते. यातली मूळ चिप कॅनडाच्या एका कंपनीची, ईएलएम ३२७. पहिल्या आवृत्तीला कॉपी होऊ नये म्हणून काही संरक्षण नव्हतं, त्यामुळे चीनमध्ये ती धडाधड कॉपी झाली. १.५ नावाची आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नाही! म्हणजे माझ्या हातातली वस्तू अशा मालाची नक्कल आहे जो अस्तित्वातच नव्हता. तरी इंजिनचे कोड बरोबर वाचते, हे मान्य करावं लागेल.

नवरा अंकलेश्वरला एका केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, रविवारी येतो. त्याने फोनकडे पाहिलंच नाही. “अगं, कोड राहू दे, आधी अर्थिंग बघ.” रावपुऱ्यातून ३८० चा मल्टिमीटर आणला. इंजिन चालू, एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू, मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या धातूवर. दोन्ही टोकं एकाच मायनसची, म्हणजे आकडा जवळजवळ शून्य हवा. आला ०.४८ व्होल्ट. बॅटरीखालचा अर्थिंगच्या तारेचा थिंबल (टोकाची कडी) काढला तर आतून पांढरट-हिरवा. पॉलिश पेपरने घासून आवळला, आकडा ०.०५. एप्रिल आणि मे, एकदाही दिवे लागले नाहीत.

जूनमध्ये मी इथे चार स्टार देऊन लिहिणार होते, अर्धं लिहूनही झालं होतं. एक स्टार गुडघ्यासाठी कापला होता.

तेव्हाच कापायला हवा होता असा दुसरा स्टार बॅटरीचा. मेमध्ये १२ दिवस पुण्याला गेलो, डोंगल सॉकेटमध्येच होता. परत आल्यावर गाडीला सेल्फ लागेना, नुसतं टिक-टिक. मेकॅनिक भाईने एक नजर टाकली, “बेन, बॅटरी बदली नाखो,” आणि ४,२०० रुपये गेले. बॅटरी तशी म्हातारीच होती, त्याला दोष देत नाही. पण नंतर डोंगल मल्टिमीटरवर लावून पाहिला तर गाडी बंद असतानाही तो ४५ मिलिअँपिअर खात होता. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरी कायम जोडलेली असते, किल्ली काढली तरी. ४५ म्हणजे दिवसाला एक अँपिअर-अवरच्या वर, १२ दिवसांत १३. माझी बॅटरी ३५ ची, त्यातून गाडीचं घड्याळ-अलार्म वेगळंच. हा डोंगल बंद करायला एक बटण नाही. चार आण्याचं बटण! सगळ्या फोटोंत निळा दिवा मात्र ठळक दाखवतात.

मग पाऊस सुरू झाला आणि दिवे परत आले. आता जास्तच. यू ०१२१ बरोबर इतर यू कोडही (सगळे संपर्क तुटल्याचेच) यायला लागले, आणि नेमक्या त्या क्षणी फोनवर ‘कनेक्शन नाही’. म्हणजे ज्या सेकंदासाठी हा विकत घेतला, त्याच सेकंदाला हा मुका. रागाने एकदा काढून मागच्या सीटवर फेकला होता. नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं की हा मुकेपणा हीच खूण होती. डोंगल त्याच तारांवर बसून ऐकतो. तो आणि एबीएस एकदम बहिरे होत असतील तर खराबी कुठल्या एका युनिटात नाही, दोघांमधल्या तारेत आहे.

गणपतीच्या आदल्या दिवशी कहर झाला. मागच्या सीटवर सासूबाई, मांडीवर शाडूची मूर्ती, आणि अकोटा-दांडिया बाजार पुलाच्या मधोमध गाडीने मान टाकली. मागे हॉर्नची रांग. मी किल्ली फिरवतेय. “कडेला घे आणि डोळे मीट दोन मिनिटं,” सासूबाई म्हणाल्या. “त्याला घाई नाही.” मूर्तीबद्दल म्हणाल्या की गाडीबद्दल, कळलं नाही. चौथ्यांदा सुरू झाली.

पुढचा रविवार गाडीलाच वाहिला. ज्याला पुढे कधी गरज पडेल त्याच्यासाठी नीट सांगते. बॅटरीचा मायनस काढला, दहा मिनिटं थांबलो. ओबीडीच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिना म्हणजे कॅनच्या दोन तारा, ज्यांवरून गाडीतले सगळे कॉम्प्युटर आपसात बोलतात. त्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन समांतर, म्हणून मधून कुठूनही मोजलं तरी ६० यायला हवेत. मल्टिमीटरची सळई भोकात बसेना, म्हणून दोन शिवणाच्या सुया लावल्या. आकडा ६०.३. अगदी बरोबर. नवरा हिरमुसला.

“तू आकडा बघत राहा,” म्हणून तो वायरिंगची लूम (तारांचा जुडगा) एकेक जागी हलवायला लागला. बॉनेटमध्ये काही नाही. डॅशखाली काही नाही. डाव्या सीटपुढचं कार्पेट पायाने दाबलं आणि मीटर १२०.६. पाय उचलला, ६०. दाबला, १२०. मी दोनदा ओरडले. १२० म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर तुटून बाजूला पडतोय, तार मध्येच सुटतेय. गाडी बंद, डोंगल घरात, आणि ३८० रुपयांचा मीटर आमच्या दोघांसमोर खराबीची जागा बोटाने दाखवत होता. सहा-सात महिन्यांत त्या गाडीने मला पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं.

सोमवारी प्रतापनगरच्या मेकॅनिकभाईकडे सीट आणि कार्पेट उचललं. खालच्या फोमला ओल्या गोणपाटाचा वास, आणि पत्र्यावर बारीक चिखलाचा, नखाने खरवडेल असा थर. तारा जोडणारा कपलर उघडला तर दोन पिना मोरचुदाच्या खड्यासारख्या निळसर-हिरव्या. भाई वाकून बघत म्हणाला, “बेन, आ तो पूरनी गाडी छे.” म्हणजे पुरात बुडालेली.

तिथेच उभी राहून मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी डाग, सरळ रेषेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा पाण्यात होतं, किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या सगळ्या भंगारात थोड्याच गेल्या असतील? सहा महिन्यांनी मी त्यातलीच एक हसत-हसत घरी आणली. डीलरला फोन केला. “बेन, अमे तो सारी ज आपी हती.” आम्ही तर चांगलीच दिली होती, म्हणे. पुढे बोलून उपयोग नव्हता, विक्रीच्या कागदावर पुराबद्दल एक अक्षर नाही.

भाईने दोन्ही तारा कापून सरळ जोडायला घेतल्या. मी थांबवलं. त्या जोडीला पीळ असतो, बाहेरचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि दोघींमधल्या फरकावर (निरोप त्या फरकातच असतो) परिणाम होऊ नये म्हणून. जिथे-जिथे उसवला तिथे तसाच पीळ द्यायला लावला, सोल्डरिंगचा डाग आणि वरून हीट श्रिंकची नळी. मजुरी ८००, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा २६०. कार्पेटचा फोम तीन दिवस गच्चीवर वाळवला. आता अडीच महिने झाले, परतीचा पाऊस झाला, दिवाळीची गर्दी झाली, एक दिवा नाही. ३८ हजारांचं एस्टिमेट फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलंय.

तर डोंगल. आधी चार स्टार, जुलैत एक, आता साडेतीन. त्याने कुठली तार तुटली ते सांगितलं नाही, सांगणारही नव्हता. पण कोड माझ्या फोनमध्ये तारखेसकट असल्यामुळे काउंटरवर “काही फॉल्ट नाही, मॅडम” हे वाक्य कोणाला म्हणता आलं नाही, आणि ३८ हजारांवर सही करण्याआधी मला थांबायचं कारण मिळालं. जुनी गाडी घेणाऱ्याने डोंगल घ्यावा, पण मल्टिमीटर आधी घ्यावा, आणि त्याच्याही आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याला पैसे पडत नाहीत. अर्धा स्टार बटणासाठी कापला, एक गुडघ्यासाठी. गुडघ्याबद्दल तडजोड नाही.

सध्या तो शेजारच्या काकांकडे आहे, त्यांच्या गाडीचाही इंजिनचा दिवा लागतो. रात्री काढून ठेवा म्हणून दोनदा सांगितलंय. काल सकाळी दूध आणायला निघाले तेव्हा त्यांच्या बंद गाडीत स्टिअरिंगखाली निळा दिवा लुकलुकत होता.