प्रिंटेबिलिटी टेस्टर: आठ महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत आमच्या भोसरीच्या कारखान्यात सेकंडहँड प्रिंटेबिलिटी टेस्टर आला, म्हणजे कागदावर शाई कशी उतरते हे छोट्या पट्टीवर तपासायचं यंत्र. आम्ही औषधांची खोकी आणि लेबलं छापतो, त्यामुळे कागद बहुतेक आर्ट पेपर नाहीतर आर्ट कार्ड, म्हणजे वर गुळगुळीत लेप दिलेला, कोटेडच. यंत्राच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढच्या तक्रारींतल्या काही यंत्राच्या आहेत, काही आमच्या हयगयीच्या, आणि कुठली कोणाची हे दर वेळी सांगता येत नाही.

काम दिसायला सोपं. पिपेटने मोजून शाई रोलरवर सोडायची, अर्धा मिनिट पसरू द्यायची, मग डिस्क टेकवून तिच्यावर चढवायची. डिस्कचं वजन करायचं. ठरलेल्या दाबाने, ठरलेल्या वेगाने ती कागदाच्या पट्टीवरून फिरवायची आणि पुन्हा वजन. जेवढं घटलं तेवढी शाई कागदावर उतरली.

गोम त्या वजनातच आहे. आमची डिस्क ५० मिलिमीटर रुंद आणि छाप २०० मिलिमीटर लांब, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. चौरस मीटरला १ ग्रॅम शाई धरली तर या पट्टीवर येते फक्त १० मिलिग्रॅम. एवढ्याशा वजनात एखादा मिलिग्रॅम इकडेतिकडे झाला की दहा टक्के गेले. पहिले पंधरा दिवस एकाच रिमच्या तीन पट्ट्यांवर ४१, ५३ आणि ४६ टक्के शाई उतरल्याचं दिसत होतं. मी यंत्रालाच शिव्या घातल्या, विकणाऱ्याचा माणूसही बोलावला. तो दाब तपासून, चहा पिऊन गेला.

चोर निघाली रबरी डिस्क. धुतली की रबर सॉल्व्हंट पिऊन बसतं. वरून कोरडी ठणठणीत दिसते, पण काट्यावर ठेवली की शेवटचा आकडा डोळ्यांदेखत खाली सरकत राहतो. आता आम्ही डिस्कचे दोन संच ठेवलेत. आज धुतलेला संच उद्या वापरायचा, आणि काट्यावरचा आकडा ठरल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही. हातमोजे घालायचे, छताचा पंखा बंद. पिपेटमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर ती पट्टी सरळ कचऱ्यात.

हवामानाचंही तेच. कागद तपासण्याची नेहमीची अट २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता. पावसाळ्यात आमच्या एसीला ती झेपेना. आयएसओ १८७ या आंतरराष्ट्रीय मानकात उष्ण देशांसाठी २७ अंश आणि ६५ टक्के चालतात, ते आम्ही धरलं. फेब्रुवारीचे आकडे मात्र वेगळ्या वहीत गेले, त्यांच्याशी आता तुलना नाही.

दुसरी चूक म्हणजे एकाच मापाच्या शाईवर निकाल देणं. डिस्कवर शाई अगदी थोडी असेल तर टक्का कमी येतो, वाढवत नेली की चढतो, एका टोकाला पोचतो आणि पुढे उतरतो. वॉकर आणि फेट्स्को यांनी १९५५ साली यासाठी समीकरण मांडलं, आणि त्यातली विभागणी छापणाऱ्याला लगेच पटते: कागदाचा किती भाग शाईला टेकला, किती शाई पृष्ठभागाच्या छिद्रांनी धरून ठेवली आणि उरलेली कागद व डिस्क यांत कशी वाटली गेली. आर्ट पेपर गुळगुळीत, म्हणून थोड्या शाईतच पूर्ण टेकतो. लेप नसलेल्या मॅपलिथोला त्यासाठी शाई जास्त लागते आणि धरूनही तो जास्त ठेवतो. कागदामागे शाईची निदान पाच-सहा मापं घ्या.

यंत्राचा खरा उपयोग जुलैत झाला. दोन मिलचा १३० जीएसएम आर्ट पेपर, चकाकी सारखीच, पण दुसऱ्याच्या थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला शाई लागत होती. आमचे जुने मशीनमन काका म्हणाले, “शाईच खराब आहे, डबा बदला.” दोन्ही कागदांसाठी शाईचं माप आणि उतरलेला टक्का यांचे आलेख काढले तर जवळजवळ एकावर एक बसले. शाई दोन्हीवर सारखीच उतरत होती. मग सेट-ऑफची, म्हणजे ओली शाई दुसऱ्या कागदाला लागते का याची, चाचणी घेतली. ताज्या छापावर १५, ३०, ६० आणि १२० सेकंदांनी कोरा कागद दाबायचा आणि त्यावर किती डाग उठतो ते पाहायचं. पहिल्या कागदाचा डाग ६० सेकंदांना जेमतेम दिसत होता. दुसऱ्याचा १२० लाही ठसठशीत! काकांनी पट्टी खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिली. “म्हणजे हा तेल पीत नाही होय?” तेच. कोटिंग शाईतलं तेल सावकाश ओढत होतं. थप्पी कमी उंचीची ठेवली, कागदांमध्ये फवारायची पावडर वाढवली, काम निघालं. डबा तोच राहिला.

यंत्राला पाणी ठाऊक नाही, ही त्याची मोठी उणीव. छपाईच्या ऑफसेट मशीनवर शाईबरोबर पाणी असतं, रंगावर रंग चढतो. इथे कोरड्या कागदावर एकच रंग, तोही मशीनच्या मानाने सावकाश. त्यामुळे इथली डेन्सिटी, म्हणजे रंगाचा गडदपणा, उचलून मशीनवर मागू नका. दोन कागद किंवा दोन शाया शेजारी ठेवून बघायला हे यंत्र पक्कं आहे.

घेणार असाल तर ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा काटा आधी घ्या, आणि तो कशावर ठेवणार हेही ठरवा. आमचा कडाप्प्याच्या लादीवर आहे, तरी भिंतीपलीकडचं पंचिंग मशीन सुरू झालं की आकडा नाचतो. जागा बदलेपर्यंत वजनं जेवणाच्या सुट्टीत घेतो.