नऊ महिन्यांचा अनुभव: स्पीकर म्हणतो ६८ टक्के, ब्रशला केसच नाहीत

ऑगस्टच्या सुरुवातीला सेलमध्ये झाडू-पोछावाला रोबो घेतला. बोलणारा स्पीकर घरात आधीपासून होताच, आणि त्याच महिन्यात जुना आरओ गेला म्हणून नवा ॲपवाला आरओ आला. रोबो झाडतो कसा, मॅप कसा काढतो यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, मी त्यात पडत नाही. मी लिहितोय ते त्याच्या झिजणाऱ्या सामानाबद्दल, म्हणजे ब्रश, फिल्टर, पोछ्याचं कापड, आणि ते किती उरलंय हे मशीन जे टक्क्यांत सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा का नाही त्याबद्दल. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण बहुतेक सगळ्यांचं असंच आहे.

आधी घर कसलं ते सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, अशोक चौकाच्या पुढं. खाली टॉवेलचे चार माग, वर आम्ही. मागावरचं घर ज्यांनी बघितलं नाही त्यांना एवढंच सांगतो की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. साधी धूळ नसते ती, सुताची रुई असते, हलकी, जिन्यानं वर येते आणि पंख्यावर, मच्छरदाणीवर, देवाच्या फोटोवर बसते. त्यात आईचं ज्वारीचं पीठ आणि कडक भाकरीचा चुरा. म्हणजे रोबोला रोजची मेजवानी.

आता मूळ गंमत अशी की स्पीकरला "रोबो चालू कर" म्हटलं की तो चालू करायचा, "घरी जा" म्हटलं की पाठवायचा, पण ब्रश किती उरला विचारलं की त्याला समजायचंच नाही. ते सगळं रोबोच्या ॲपमध्ये, सेटिंगच्या आत मेंटेनन्सच्या आत. आईला ते ॲप उघडता येत नाही आणि मला रोज उघडायचा कंटाळा. गणपतीत भाचा आला होता, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यानं जुन्या लॅपटॉपवर होम असिस्टंट टाकलं, म्हणजे घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एका जागी जोडणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे ते, ओपन सोर्स. त्यात रोबोचे चार आकडे सरळ दिसायला लागले, मेन ब्रश, साइड ब्रश, फिल्टर, आणि सेन्सर पुसायची वेळ. मग त्यानं स्पीकरलापण जोडून दिलं. आता "साइड ब्रश कितना बचा है" विचारलं की आकडा सांगतो. हिंदीतच विचारतो आम्ही, सवय झालीय. फक्त खाली माग चालू असताना विचारू नका, चारही धोटे (मागावर सूत घेऊन इकडून तिकडं जातात ते) धडधडत असले की त्याला काहीच ऐकू जात नाही, शेजारच्या घराला मात्र जातं.

मला वाटलं झालं काम. दिवाळीच्या साफसफाईत रोबो उलटा केला तर साइड ब्रशच्या तीन पायांपैकी एका पायाला केसच नाहीत, दुसऱ्याचे वाकून मागं वळलेले. स्पीकरला विचारलं, तो म्हणतो ६८ टक्के बाकी. अण्णा शेजारी बसून सुताच्या कांड्यांचा हिशोब करत होते, त्यांनी रोबोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हे काय घड्याळ बघून झिजतंय व्हय?"

तर बघा, खरंच घड्याळ बघूनच झिजतंय. मी मग बसून शोधलं. माझ्या मॉडेलमध्ये मेन ब्रश ३०० तास, साइड ब्रश २०० तास, फिल्टर १५० तास, सेन्सर पुसायचे दर ३० तासांनी, असं धरलेलं आहे आणि बऱ्याच रोबोंमध्ये हेच आकडे आहेत. मशीन जेवढे तास चाललं तेवढे वजा करतं, बास. ब्रशवर कसला सेन्सर नाही, फिल्टरमधून हवा किती जातेय ते मोजत नाही. माझा रोबो रोज साधारण ५० मिनिटं चालतो, दिवाळीपर्यंत ६४ तास झाले होते, २०० मधून ६४ गेले, उरले १३६, म्हणजे ६८ टक्के. गणित अगदी बरोबर आहे हो. ब्रशला तेवढं कुणी सांगितलं नाही.

आणि स्पीकरचं यात काही चुकत नाही, त्याला जो आकडा मिळतो तो वाचतो. अडचण अशी की आवाजात सांगितलं की खरं वाटतं. ॲपमध्ये ६८ बघितलं असतं तर मी एकदा तरी उलटा करून बघितला असता, पण कुणीतरी ठामपणे "अडसठ प्रतिशत" म्हटलं की आपण निवांत होतो. मॅटर नावाचं स्मार्ट उपकरणांचं जे कॉमन स्टँडर्ड आहे त्याच्या १.२ आवृत्तीत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, रोबो व्हॅक्यूम आणि एअर प्युरिफायर आले आणि फिल्टरची अवस्था टक्क्यांत कळवायची सोयपण आली. चांगलंय. पण तो टक्का तासांवरून काढायचा का खरोखर काही मोजून, ते बनवणाऱ्याच्या हातात आहे. म्हणजे नवीन घेताना फक्त "फिल्टर लाइफ दाखवतं" वाचून खूश होऊ नका.

फिल्टरचा किस्सा याहून वाईट. फिल्टर हेपा आहे, बारीक धूळ अडवतो, म्हणूनच रुई आणि पिठानं लवकर बुजतो. आमच्याकडं आठवड्याला झटकावा लागतो. एकदा बायकोनं धुतला, दुपारी परत लावला, वरून कोरडा दिसत होता पण आत ओला होता, दोन दिवसांत कुबट वास. धुता येणारा असेल तरी पूर्ण २४ तास वाळवा, पंख्याखाली वाळवा, सोलापूरच्या उन्हात ठेवला तर माझा तरी वाकडा झाला. आणि धुतल्यावर तिनं ॲपमध्ये रीसेट दाबलं. तिचं चुकलं असं नाही, त्या बटणावर नीट लिहिलेलंच नाही, रीसेट म्हणजे नवीन टाकला असा अर्थ मशीन घेतं. पुढं दोन महिने स्पीकर आनंदानं ८० म्हणत होता, ७५ म्हणत होता, आणि रोबो आवाज नुसता करायचा, चुरा तिथंच. म्हणून घरात नियम केला, धुतलं तर रीसेट नाही, बदललं तरच रीसेट, आणि फिल्टरच्या कडेला मार्करनं तारीख.

अण्णांनी मात्र मला खरी गोष्ट शिकवली. मागावर पिकर (धोट्याला ढकलणारा भाग) झिजतो, पट्टा झिजतो, आणि जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, काही तास मोजत बसत नाही. धोट्याचा आवाज बदलला की तो चालत चालत थांबतो आणि म्हणतो पिकर गेला. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले होते, घर भरलेलं, रोबो सोफ्याखालून कट्-कट् करत गेला आणि अण्णा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, याच्या पुढच्या चाकात सूत अडकलंय. उलटा केला, पुढचं छोटं चाक ओढून काढलं, अक्षावर बोटभर सूत गुंडाळलेलं. ते चाक तर चार आकड्यांत नाहीच! मेन ब्रशच्या दोन टोकांनापण तेच होतं, सूत किंवा लांब केस टोकाला गुंडाळून घासतात, गरम होतात आणि प्लॅस्टिकचं टोक वितळतं, माझं एका बाजूचं थोडं वितळलंय. ब्रशचे केस एकदम नव्यासारखे, आणि टोक गेलेलं. ३०० तास कुठले.

मग भाच्याला फोन करून होम असिस्टंटमध्ये आमचे आकडे टाकून घेतले. कंपनीचे १५० तास सोडले, आमच्या घराला फिल्टर ६० तास, साइड ब्रश ७० तास, आणि दर ८ तासांनी स्पीकर स्वतःहून म्हणतो "पुढचं चाक बघा", साधारण दहा दिवसांतून एकदा. संध्याकाळी आठला बोलतो कारण तेव्हा माग बंद असतात. हे आकडे माझ्या घरचे आहेत, तुमच्या फ्लॅटमध्ये कदाचित कंपनीचेच चालतील. काढायची पद्धत सोपी आहे, पहिला पार्ट खरोखर गेला त्या दिवशी किती तास झाले होते ते लिहून ठेवायचं, पुढच्या वेळी त्याच्या थोडं आधी आठवण लावायची. एक सांगतो, डुप्लिकेट साइड ब्रश स्वस्त मिळतात, मी घेतले, केस मऊ होते आणि ४० तासांत गेले, काउंटरला ओरिजिनल काय आणि डुप्लिकेट काय, सगळं सारखंच.

आरओबद्दल थोडक्यात. त्याचं ॲप दिवस मोजतं. इथं नळाला रोज पाणी येत नाही, टाकीत साठवायचं, उन्हाळ्यात बोअरचं मिसळावं लागतं. दिवस तेच पण पाणी तेच नाही ना. मी साधा टीडीएस मीटर घेतला, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते तो सांगतो. पहिल्या महिन्यात आत जाणारं ८२० आणि बाहेरचं ६०, आता आत ११४० आणि बाहेर १५५. नुसतं बाहेरचं बघून घाबरायचं नाही, आतलं वाढलं की बाहेरचं वाढणारच, दोन्हींचं प्रमाण बघायचं. आधी ९३ टक्के अडवत होता, आता ८६ च्या आसपास, म्हणजे मेम्ब्रेन (क्षार अडवणारा आरओचा मुख्य पडदा) उतरायला लागलाय, ॲप मात्र म्हणतं १०० दिवस बाकी. आणि टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू असेल तर आधी तो बंद करून मोजा, तो कच्चं पाणी मिसळतो आणि सगळा हिशोब बिघडतो, मी पहिल्यांदा तिथंच फसलो आणि मेकॅनिकशी उगाच भांडलो. बाहेरच्या पारदर्शक बाऊलमधली पांढरी कॅन्डल तर बघूनच कळते, चहासारखी झाली की बदलायची, तिला कशाला ॲप.

घ्यावं का? घ्या. आईच्या गुडघ्यांना आराम आहे, एवढ्यासाठी मी परत घेईन. झाडण्याला पाचात चार, टक्के सांगण्याला एक, तोपण भाच्यामुळं.

सध्या काळजी बॅटरीची आहे. तिचा टक्का म्हणजे चार्ज किती तेवढाच, बॅटरी किती उतरली ते कुठंच नाही. एप्रिलपासून पारा चाळीसच्या वर, चार्जिंगचा डॉक पश्चिमेच्या भिंतीला होता, आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. ऑगस्टमध्ये पूर्ण चार्जवर ९२ मिनिटं चालायचा, मी परवा घड्याळ लावून बघितलं, ७१ भरली. डॉक आता देवघराशेजारी आणलाय, तिथं जरा गार असतं, आईला पटलेलं नाही.