दिसारोन्नो की लाझारोनी?

अमारेत्तो म्हणजे बदामाच्या स्वादाचं गोड इटालियन मद्य. त्यात लिंबाचा रस घालून केलेल्या कॉकटेलसाठी, म्हणजे अमारेत्तो सावरसाठी, यातल्या कोणत्या ब्रँडची बाटली घेऊ, असं मैत्रिणीने विचारलं. दोन्ही नावं इटलीतल्या सारोन्नो गावाशी जोडलेली.

दिसारोन्नोत बदाम नाहीच. तो बदामासारखा वास जर्दाळूच्या आठळीतल्या गराच्या तेलाचा. मद्यार्क 28 टक्के, चव गोड, ठसठशीत, मागून जळक्या साखरेची. लिंबाच्या रसापुढे ती दबत नाही, गॉडफादर या कॉकटेलमध्ये स्कॉच व्हिस्कीसमोरही टिकते. लाझारोनी 24 टक्क्यांची. तिच्यात अमारेत्ती नावाची बदामी स्वादाची इटालियन बिस्किटं मुरवतात, म्हणून स्वाद मऊ, खरपूस. मला तोच मनापासून आवडतो, पण आंबटात हरवतो.

उघडल्यावर दोन्ही कपाटात महिनोन्महिने राहतात.

सावर किंवा गॉडफादर करायचं तर दिसारोन्नो, आणि लिंबू ताजंच पिळायचं. जेवणानंतर नुसती चाखायला, कॉफीत चमचाभर घालायला लाझारोनी.