आचाराला अग्रमान देणारा ज्ञानेश्वरीचा ऑनलाइन वर्ग : सव्वादोन वर्षांनंतरचा अभिप्राय

दर रविवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळात झूमवर भरणाऱ्या एका ज्ञानेश्वरी अभ्यासवर्गाला मी गेली सव्वादोन वर्षे नियमाने बसतो आहे. हा वर्ग जाहिरातीवर नव्हे, तर ओळखीपाळखीतून चालतो, आणि त्याच्या एका निर्णयाविषयी मला तक्रारही मांडायची आहे. म्हणून वर्गाचे व त्यात निरूपण करणाऱ्या बुवांचे नाव येथे देत नाही. अशा वर्गात नाव घालावे की नाही, याचा विचार करणाऱ्यांना मात्र एका प्रश्नाला आज ना उद्या सामोरे जावेच लागते. ग्रंथ एकत्र बसून वाचताना रोजच्या आचरणाच्या शंकांना आधी वेळ द्यायचा की तत्त्वचर्चेला? आमच्या वर्गाने आचरणाच्या बाजूने कौल दिला. त्यातून काय साधले आणि काय हातचे गेले, ते मी जवळून पाहिले आहे.

आधी वर्गाविषयी. साधारण साठ जण असतात. पुणे, ठाणे, नाशिक येथील मंडळी अधिक. दुबईचे एक कुटुंब संध्याकाळी सहा वाजता बसते, तर कॅलिफोर्नियातील दोघी उन्हाळ्यात सकाळी सातला आणि थंडीत सहालाच उठून येतात. शुल्क नाही, सार्थ ज्ञानेश्वरीची प्रत मात्र प्रत्येकाने स्वतःची ठेवायची. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेच्या परंपरेत बुवा तयार झालेले आहेत. पाठांतर पक्के, आवाज स्पष्ट, आणि जुन्या मराठीतला शब्द अडला तर घाई न करता तो उलगडून सांगण्याची त्यांची हातोटी विलक्षण आहे. आठवड्याला सुमारे ४० ओव्या होतात. या गतीने बारा अध्याय संपायला दोन वर्षे लागली, आणि नऊ हजारांवर ओव्यांच्या ग्रंथाला हा वेग योग्यच आहे. ज्येष्ठांना झूम उघडता येत नसेल तर एक कार्यकर्ती त्यांना दर रविवारी सात वाजता फोन करून जोडून देते. तिच्या या कामाची नोंद घेतल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

निरूपणानंतर अर्धा-पाऊण तास शंकासमाधान असते, आणि वर्गाचा खरा कस तेथे लागतो. पहिल्या वर्षी विचारले गेलेले प्रश्न मला अजून आठवतात. माळ घालायची इच्छा आहे, पण घरात मांसाहार शिजतो, तर काय करावे? सुतकात पोथीला हात लावावा का? मधुमेह असलेल्याने एकादशी कशी करावी? बुवांनी एकाही प्रश्नाला क्षुल्लक म्हटले नाही. मधुमेहाच्या प्रश्नावर ते म्हणाले, “माउली, आधी डॉक्टरांना विचारा. ते जेवा म्हणाले तर जेवा, आणि त्या दिवशी नाम दुप्पट घ्या.” विचारणाऱ्या काकूंचा चेहरा पडद्यावर इतका मोकळा झाला की तो पाहून मलाच हायसे वाटले. ग्रंथ समजत नाही म्हणून संकोचाने मागे राहणारी माणसे अशा उत्तरांनी वर्गात टिकली, आणि पुढे तीच ओव्यांच्या अर्थाविषयी बोलू लागली.

बाराव्या अध्यायात मात्र घडी विस्कटली. त्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन विचारतो की, सगुणाची भक्ती करणारे आणि अव्यक्ताची उपासना करणारे यांत श्रेष्ठ कोण. भगवंतांचे उत्तर असे की, दोघेही आपल्यालाच येऊन मिळतात, परंतु देहधारी माणसाला अव्यक्ताची वाट अधिक कष्टाची पडते. वर्गातील दोन व्यासंगी गृहस्थांमध्ये यावरून वाद सुरू झाला. एकाचा आधार शांकरभाष्य, म्हणजे शंकराचार्यांचे गीतेवरील भाष्य, दुसऱ्याचा भक्तिपरंपरा. दोघांचाही अभ्यास दांडगा होता, पण वाद सलग तीन रविवार चालला आणि शंकासमाधानाचा सगळा वेळ त्यातच गेला. नाशिकच्या एका परिचारिकेने पहिल्याच रविवारी हात वर केला होता. रात्रपाळी असते तेव्हा हरिपाठ केव्हा म्हणावा, एवढेच तिला विचारायचे होते. पडद्यावरच्या कोपऱ्यात ती पिवळ्या हाताची खूण तीन आठवडे दिसत होती. चौथ्या आठवड्यापासून ती आली नाही.

त्यानंतर व्यवस्थापकांनी नियम केला : शंका आचरणाशी संबंधित असेल तरच घेतली जाईल, तात्त्विक शंका लेखी पाठवावी, तिला सवडीने उत्तर मिळेल. मी त्या वेळी या नियमाला मनापासून पाठिंबा दिला. एका महिन्यात वर्गाला पूर्वीची कळा आली, बोलणाऱ्यांची संख्या वाढली, आणि परिचारिकेला फोन करून परत बोलावण्यात आले. ज्यांना हरिपाठाची वेळ विचारायची आहे त्यांना जग माया आहे की नाही यावरची चर्चा ऐकत ताटकळत ठेवणे हा अन्यायच होता, आणि तो दूर झाला, हे आजही माझे मत आहे.

तक्रार यापुढची आहे. तेराव्या अध्यायाच्या तिसऱ्या आठवड्यात एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांचे यजमान चार महिन्यांपूर्वी गेले होते. क्षेत्र म्हणजे शेत आणि क्षेत्रज्ञ म्हणजे ते जाणणारा, यांचा विषय चालू होता; पाच महाभूते, अहंकार, बुद्धी, अव्यक्त (येथे मूळ प्रकृती), दहा इंद्रिये, मन आणि पाच विषय मिळून हे शरीर नावाचे शेत होते, असे बुवांनी नुकतेच सांगितले होते. ताई म्हणाल्या, “शेत तर आम्ही अग्नीला दिले. मग शेत जाणणारा आता कुठे आहे?” व्यवस्थापकांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की, हा प्रश्न तात्त्विक आहे, कृपया लिहून पाठवावा. ताईंनी “बरं” म्हटले आणि माइक बंद केला. पुढचा प्रश्न पारायणाच्या वेळी समईत तेल घालावे की तूप, हा होता.

समईचा प्रश्नही श्रद्धेने विचारलेला होता, त्याला मी कमी लेखत नाही. परंतु त्या संध्याकाळी ज्या प्रश्नाच्या उत्तरावर एका माणसाची रात्र अवलंबून होती, तो नियमाने बाहेर राहिला. प्रश्नाचा विषय सूक्ष्म आहे म्हणून तो आयुष्यापासून दूर आहे, असे नियम करणाऱ्यांनी धरून चालले, आणि तेथेच चूक झाली. बाराव्या अध्यायातील वादात दोघांनाही आपापले उत्तर आधीच ठाऊक होते. ताईंना ठाऊक नव्हते, म्हणून त्या विचारत होत्या. शंका निवडताना हा फरक पाहायला हवा होता, आणि साठ माणसांच्या वर्गात तो पाहणे अवघड नाही.

तेराव्या अध्यायाची रचनाच या नियमाला धरून चालू देत नाही, हे पुढच्या आठवड्यांत आम्हा सर्वांच्या लक्षात येत गेले. ज्ञान कशाला म्हणावे, हे सांगताना गीता आरंभ करते तो मानाची हाव नसणे, दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा यांपासून. मध्येच जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दुःख डोळ्यांपुढे ठेवण्यास सांगते, आणि त्याच यादीच्या शेवटी तत्त्वज्ञानाच्या अर्थाचे दर्शन येते. वागणे आणि तत्त्व या दोहोंना तेथे ‘ज्ञान’ असे एकच नाव आहे.

अहिंसेवरील ओव्यांचे निरूपण हा तर मी या वर्गात ऐकलेला सर्वांत उत्तम भाग. ज्ञानेश्वर प्रथम इतरांची मते तपासतात. यज्ञासाठी केलेली हिंसा आणि औषधासाठी झाडांची मुळे खणणे, साल काढणे यांना अहिंसेच्या नावाखाली कसे बसवले जाते, ते रोखठोक दाखवतात. हा सगळा वाद तात्त्विक आहे. नंतर मात्र ते अहिंसक माणसाला आपल्यासमोर चालवून दाखवतात. कमळावर बसणारा भ्रमर केसर कुस्करेल या शंकेने जसा हळुवार पाय ठेवतो, तसे त्याचे चालणे. मग त्याचे बोलणे, त्याची दृष्टी, त्याचे हात. श्वास घेणेसुद्धा सुकुमार. बुवांनी भ्रमराची ओवी दोनदा म्हटली आणि मग विचारले, “आज सकाळी घरात पाऊल कसे टाकले, ते आठवा.” कोणी बोलले नाही. साठ चौकटींत साठ माणसे खाली पाहत होती. अर्ध्या मिनिटाने दुबईच्या गृहस्थांनी, आपण आईशी सकाळी चढ्या आवाजात बोललो, असे सांगितले. तत्त्व आणि आचार यांना वेगळ्या रांगांत उभे करण्याची गरज त्या संध्याकाळी कोणालाच भासली नाही.

एकंदरीत हा वर्ग मी कोणालाही निःसंकोच सुचवीन. निरूपण, वेळेची शिस्त आणि नवख्यांशी असलेली आपुलकी या तिन्ही बाबतींत याहून चांगला ऑनलाइन वर्ग माझ्या पाहण्यात नाही. आचरणाच्या प्रश्नांना आधी वेळ देण्याची पद्धतही चालू राहावी. फक्त तात्त्विक शंकांना लेखी मार्गाकडे सरसकट वळवणे थांबावे. कारण लेखी उत्तराला तीन-चार आठवडे लागतात, ते दोन ओळींचे असते, आणि बुवांचा आवाज त्यात नसतो. दीर्घ खंडनमंडन ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी महिन्यातून एक वेगळी बैठक ठेवता येईल, आणि माझ्या माहितीप्रमाणे ते दोघे गृहस्थ तिला आनंदाने तयार आहेत. नव्याने येणाऱ्यांनी पहिले काही आठवडे नुसते ऐकावे, ओव्या आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून यावे, आणि मग विचारायचे ते विचारावे.

ताईंना लेखी उत्तर मिळाले आहे, पण त्यांनी माइक पुन्हा उघडलेला नाही. येत्या रविवारी त्यांचा प्रश्न बुवांनी स्वतःहून घ्यावा, असे मी व्यवस्थापकांना फोन करून सांगितले आहे, आणि त्यांनी ते मान्य केले आहे.